अंगठ्याच्या विटा

पाऊस यायचा नव्हता तेव्हा आला आणि वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या रांगाच्या रांगा विरघळवून गेला. सकाळी बघते तर काल जिथं धारदार कोपरे होते, तिथं आज नुसते उंचवटे, म्हशी बसल्यासारखे. माझा धाकटा डोक्याला हात लावून कडेला बसला. त्याचे वडील खाली वाकले, एक गोळा उचलून बोटांत चुरगळला आणि म्हणाले, "वीट गेली. माती इथंच आहे."

या माणसाच्या घराला आग लागली तरी हा आधी विडी पेटवून घेईल. पण बोलला ते खोटं नव्हतं. मी धाकट्याला उठवलं. सगळं फावड्यानं ओढून पुन्हा खड्ड्यात घातलं, पाणी सोडलं आणि पाय खुपसले. थंड चिखल गुडघ्यापर्यंत आला की म्हातारी हाडं बोलायला लागतात. मी त्यांना बोलू देते. ऐकत नाही.

दुपारी शाळा सुटल्यावर नात आली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही. दप्तर फेकलं आणि माझ्याशेजारी खड्ड्यात उतरली.

"आजी, एक विचारू?"

"पायानं तुडव, तोंडानं विचार. दोन्ही एकदम जमत असेल तरच."

"बाईंनी अभ्यास दिलाय."

बाई म्हणजे तिची आई, धाकट्याची बायको, माझी सून. गावातल्या शाळेत ती तिसरीला शिकवते. शाळेत तिला बाई म्हणायचं आणि घरी आई, असं पोरीनं स्वतःच ठरवून टाकलं आहे. अभ्यासाचं बोलायचं असलं की घरातसुद्धा आई एकदम बाई होते.

"घरात जो माणूस आता नाही, त्याची एक खूण शोधून आणायची. आम्ही एक गोष्टीचं पुस्तक वाचतोय ना, त्यात एक मुलगी आहे. तिचा दादा लढाईवर गेला. घरात मासे धरायची खूप जाळी आहेत, पण दादानं विणलेलं जाळं ती डोळे मिटून ओळखते. त्याची गाठ वेगळी असते म्हणून."

"मग?"

"मग आपल्याकडे मोठे काका नाहीत. त्यांची खूण काय?"

"फोटो आहे की भिंतीवर."

"फोटो चालणार नाही. बाई म्हणतात, फोटो दुसऱ्यानं काढलेला असतो. त्यांनी स्वतः हातानं केलेलं हवं."

"तुझ्या बाईंना सांग, आजीला काम आहे."

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं आणि गप्प तुडवत राहिली. तिला गप्प राहता येतं हे मला तेव्हा कळलं.

मोठे काका म्हणजे माझा थोरला. लढाईत गेला. कुठं गेला ते कागदावर लिहून आलं होतं. त्या जागेचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. शाळेसमोर एक काळा दगड उभा केला आहे. त्यावर गावातल्या गेलेल्या पोरांची नावं कोरली आहेत, त्यात त्याचंही आहे. दरवर्षी त्या दगडापाशी कार्यक्रम होतो आणि माझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतात. ती रिकामी राहते. तो गेला तेव्हा घरात बायका आल्या होत्या, माझ्या डोळ्यांत पाणी शोधायला. मी त्यांना चहा दिला आणि विटा कधी पाठवू ते विचारलं. तेव्हापासून मला गावात दगड म्हणतात. दगडाशेजारी दगड कशाला बसवायचा?

ऊन पडलं. आम्ही पुन्हा थापायला बसलो. गोळा उचलायचा, राखेत लोळवायचा, साच्यात आपटायचा, अंगठ्यांनी कोपरे भरायचे, वरचा चिखल पट्टीनं काढायचा, साचा उलटा करून उचलायचा. मागे वीट राहते, न्हाऊन उठलेल्या पोरासारखी लुसलुशीत. ती जराशी घट्ट झाली की उभी करायची. उभी करताना दोन्ही तळवे दोन टोकांना लावायचे आणि हळूच उचलायचं. बोट रुतलं की वीट बिघडली. आमच्याकडे पोराला चालायला येतं त्याच्यामागोमाग हे शिकवतात.

सून शाळेतून आली की चपला काढते आणि सरळ रांगेत येऊन विटा उभ्या करायला लागते. लग्न झालं तेव्हा मी म्हटलं होतं, मास्तरीण आणलीत, आता विटांवर कविता लिहा. पण तिचा हात चांगला आहे. तिला हे मी सांगितलेलं नाही. चढून बसेल.

त्या दिवशी तिनं दोन रांगा उभ्या केल्या. मग म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर एक सांगते."

"आधी सांग. मग ठरवते."

"शाळेच्या मागच्या भिंतीला गिलावा करणार आहेत. यंदा कार्यक्रम मागच्या पटांगणात आहे, बाहेरचे पाहुणे येणार, भिंत उघडी बरी दिसत नाही म्हणतात हेडसर. गिलाव्यावर मोठं चित्र काढून घ्यायचं आहे. रणगाडे, बंदुका, वर विमानं."

माझ्या हातातली वीट मी रांगेत तिरकी ठेवली. परत सरळ केली.

"मी म्हटलं, सर, मुलांना बंदुका ठाऊक आहेत. दगडावरची माणसं ठाऊक नाहीत. आधी पुस्तक तरी पूर्ण होऊ दे. तर म्हणाले, पुस्तकाचं जरा जपून. दोन पालकांनी तक्रार केलीय. मुलं घरी जाऊन विचारतात, बाबा, तुम्हीपण मरणार का म्हणून."

"मग बापांनी काय सांगितलं?"

"काही नाही. माझी तक्रार केली."

"सोपं पडलं असेल."

ती हसली. मी हसले नाही. तिला वाटलं, पुस्तकावरून माझं तोंड आंबट झालंय. ते मला परवडलं.

पुस्तकाचं मला काही नव्हतं. माझं काळीज अडकलं होतं त्या भिंतीत.

थोरल्याला एक वाईट खोड होती. दोन्ही हातांनी एक वीट उचलणं त्याला कमीपणाचं वाटायचं. तो एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, अशा दोन-दोन उचलायचा. मधोमध पकडून, शीळ घालत, वाऱ्यासारखा. त्यामुळे त्याच्या प्रत्येक विटेला एका अंगाला अंगठ्याचा खळगा आणि दुसऱ्या अंगाला चार बोटांच्या खाचा पडायच्या. मी ओरडायचे, अरे मेल्या, गिऱ्हाईक वीट घेतं, तुझा अंगठा घेत नाही. तो म्हणायचा, आई, दोन माणसांचं काम करतो, एकाची बोलणी खातो, परवडतं. भाजून निघाल्यावर त्या विटा दर्शनी भिंतीत कुणी घेईना. शाळा बांधायला निघाली तेव्हा गवंडी म्हणाला, मागच्या बाजूला लावतो, तिकडे कोण बघतंय. लावल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी थोरला भरती झाला.

घरात त्यानं केलेलं काही नाही. असेल कसं? आम्ही करतो ते सगळं गाडीत भरून दुसऱ्याच्या घरी जातं. उरली ती एवढी भिंत. बाजारातून परत येताना मी शाळेच्या मागच्या वाटेनं येते. ती वाट लांबची आहे. सोबतिणी विचारतात तर सांगते, तिकडे सावली असते.

संध्याकाळ व्हायच्या आत मी भट्टीपाशी गेले. आमचे हे भट्टीची जागा झाडत होते. म्हटलं, "अहो, मागच्या भिंतीला गिलावा करतायत."

खराटा थांबला. त्यांनाही ती वाट माहीत होती. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

"मग जाऊन सांग की त्यांना."

"काय सांगू? मी कुणाच्या दारात काही मागायला गेलेय कधी?"

"नाही गेलीस."

"तुम्ही जा."

"माझं ऐकतील. भिंत ठेवतील," ते म्हणाले. "पण म्हाताऱ्याला खोकला आहे, त्याला नाही म्हणू नका, असं म्हणून ठेवतील. तुला चालेल?"

नव्हतं चालणार. या माणसाला बोलता येत नाही म्हणणारे त्याच्याशी संसार केलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भिंगरी पुस्तक घेऊन माझ्यामागे बसली. मी थापत होते, ती मोठ्यानं वाचत होती. म्हणे दादाचं पत्र येणं बंद झालं. म्हणे ती मुलगी रोज जाळं घेऊन किनाऱ्यावर बसते, त्याला हात लावू देत नाही कुणाला.

"म्हणजे मासे धरायचे नाहीत त्या जाळ्यानं?" मी विचारलं.

"नाही. ते दादाचं आहे ना."

"मग घरात खातात काय?"

भिंगरीनं पान उलटून पाहिलं. "ते नाही लिहिलं."

"लिहिणारीचं पोट भरलेलं असणार."

"आजी, तिला वाईट वाटतंय."

"वाटू दे. वाईट वाटून जाळं वाळत ठेवलं की उंदीर खातात. पुढं वाच."

"पुढचं बाई शाळेत वाचणार आहेत." तिनं पुस्तक मिटलं. "तुला शेवट सांगू? मी चोरून वाचलाय."

"नको," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन, कारण ती उठून आजोबांकडे गेली.

दुपारी गवंडी आला. गिलाव्याच्या वाळूसाठी चाळणी मागायला. आता थकलाय, पण बांधकाम त्याचंच असतं. मी चाळणी दिली.

"उद्या सकाळी धरतो काम, वैनी. भिंत खडबडीत आहे, गिलावा मस्त धरेल. तुमच्याच विटा ना त्या?"

"आमच्याच."

"मी तेव्हा म्हटलं होतं, खाचा पडल्यात त्या मागे टाकू." तो हसला. "कुणाचा हात होता काय की."

तो चाळणी खांद्यावर टाकून गेला. मी पाणी प्यायला गेले आणि तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. त्याला आठवत नव्हतं. त्याच्याच हातानं रचलेली भिंत, आणि त्याला आठवत नव्हतं. दोष कसला द्यायचा? मी कुणाला आठवू दिलं होतं?

सकाळी मी डोक्यावर घमेलं घेतलं आणि त्यात चार विटा टाकल्या. रिकाम्या हातानं शाळेत जाणारी बाई काहीतरी मागायला आलेली दिसते. विटा असल्या की काम निघालेलं दिसतं.

पोचले तोवर गवंड्यानं भिंत भिजवून एका टोकाकडून गिलावा मारायला सुरुवात केली होती. त्या टोकाचा पुरुषभर उंचीचा पट्टा राखाडी झाला होता. थापी फिरत होती आणि एकेक अंगठा बुजत होता. आतून सुनेचा आवाज येत होता. ती वाचत होती. खिडकी उघडी होती.

"थांबव," मी म्हटलं.

गवंडी थांबला. "काय झालं वैनी?"

काय झालं ते सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मागायचं वाक्य कसं सुरू करतात ते मला माहीत नाही. कधी केलंच नव्हतं. मी घमेलं खाली ठेवलं. तेवढ्यात हेडमास्तर आले. माझ्या थोरल्याच्याच वर्गातला हा. तेव्हा आमच्या अंगणात येऊन चिखलाचे बैल करायचा, आता पोट सुटलंय.

"काकू, तुम्ही? थांबा, खुर्ची मागवतो."

"खुर्ची नको. खुर्चीनंच वैताग आणलाय." मी भिंतीकडे तोंड केलं. माणसाकडे बघून बोलवत नव्हतं. "मी मागायला आलेय."

"काय पाहिजे, काकू?"

"ही भिंत. अशीच, उघडी."

त्याला कळेना. गवंड्याला कळेना. कळावं कसं? मग मी गिलावा न लागलेल्या विटेपाशी गेले आणि तिच्या खळग्यात अंगठा घातला. माझा त्यात बसतो, वर थोडी जागा राहते. त्याचा पंजा मोठा होता.

"दोन्ही हातांनी उचल म्हणून रोज ओरडायचे," मी म्हटलं. "एकही दिवस ऐकलं नाही त्यानं. बरं झालं."

हेडमास्तरांनी हात पुढे केला, मागे घेतला. मग पुन्हा पुढे करून शेजारच्या विटेत अंगठा टेकवला. "तो दोन-दोन उचलायचा," ते म्हणाले. "मी उचलायला गेलो तर दोन्ही पडल्या होत्या माझ्या. तुम्ही मला हाकलून दिलं होतं, काकू."

"दिलंच होतं. वीट पाडतोस म्हणजे काय?"

"मला का नाही सांगितलंत इतकी वर्षं? रोज या भिंतीवरून जातो मी."

"तुम्ही खुर्ची ठेवलीत. विचारायला कुणाला पाठवलं नाहीत."

खिडकीतलं वाचन थांबलं होतं. खिडकीच्या गजांत पोरांची डोकी कणसांसारखी दाटली होती. भिंगरी दारातून पळत बाहेर आली, माझ्याजवळ येऊन भिंतीला नाक लावून उभी राहिली. "ही खूण?" तिनं विचारलं. मी मान हलवली. मग सगळा वर्ग बाहेर आला. सून मागोमाग आली, पुस्तकात बोट घालून. वाटलं, आता ही समजावून सांगायला लागेल, मुलांनो बघा वगैरे. ती काही बोलली नाही. त्या दिवशी मला ती मास्तरीण म्हणून पटली.

पोरं भिंतीला चिकटली. अंगठे घालून बघायला लागली. "माझा अख्खा जातो." "इथं चार बोटं आहेत." "ही त्यांची नाही, हिला काहीच नाही." "ती माझी असेल," मी म्हटलं, "मी नीट उचलते."

एका दुकानदाराचा पोरगा, ज्याच्या बापानं तक्रार केली होती तोच, मला म्हणाला, "ते मेले तेव्हा तुम्ही रडलात?"

हेडमास्तर "अरे" म्हणाले. मी हातानं थांबवलं त्यांना.

"तुमच्या आया बघायला आल्या होत्या, तेव्हा नाही," मी म्हटलं. "नंतर."

"त्यांनी कुणाला मारलं का लढाईत?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं, म्हणजे विचारायला लागले की उठून कामाला लागायचे.

"माहीत नाही. आला असता तर त्याला विचारलं असतं. मारलं असेल तर तिकडेही कुणीतरी माझ्यासारखी असेल, दुसऱ्या कुठल्या भिंतीपाशी."

 पोरानं पुन्हा खळग्यात अंगठा घातला आणि म्हणाला, "ते डावखुरे होते?"

"दोन्ही हातांचा होता. तीच तर खोड."

हेडमास्तरांनी गवंड्याकडे पाहिलं. "काढता येईल का लावलेला?"

"ओला आहे तोवर येईल." गवंडी थापी उलटी करून खरवडायला लागला. पोरांनी हौदातून पाणी आणलं, हातोहात. खराट्यानं घासलं. विटा पुन्हा लाल झाल्या, पण खळग्यांत सिमेंट बसलं होतं, ते निघेना.

"निघेल," गवंडी माझ्याकडे न बघता म्हणाला. "पण वीट खरवडावी लागेल, वैनी. आणि मला काल ओळखू यायला पाहिजे होतं."

"राहू दे ते," मी म्हटलं. दोन्ही गोष्टींना मिळून म्हटलं.

ऊन चढलं तसं ते सिमेंट वाळून पांढुरकं झालं. लाल भिंतीवर त्या टोकाच्या पट्ट्यात पांढुरके अंगठे, पांढुरकी बोटं. आधी जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हती, आता पार रस्त्यावरून दिसतात. चित्रवाला आला तेव्हा पोरांनीच त्याला सांगितलं, भिंतीवर आधीच काढलेलं आहे. हेडमास्तरांनी त्याला समोरचा फाटकाचा खांब रंगवायला दिला आणि वाटेला लावलं.

कार्यक्रमाला मी गेले. खुर्चीत बसले नाही, मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. आमचे हे शेजारी, खोकला दाबत. पाहुणे बोलले, लांबलं. मग सुनेनं पोरांना पुढे बसवलं आणि पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं. जाळ्याला खरंच उंदीर लागले होते. ती मुलगी फाटलेल्या जागी स्वतःच्या गाठी मारते आणि जाळं घेऊन पाण्यात उतरते. एवढंच. भिंगरीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. लिहिणारीबद्दल मी जे बोलले होते ते मनातल्या मनात मागे घेतलं. मोठ्यानं घेतलं नाही, तेवढीही काही मोठी लेखिका नसेल.

दुसऱ्या दिवशी थापायचं होतंच. भट्टी लावायला विटा अजून कमी पडत होत्या आणि आभाळाचा भरवसा उरला नव्हता. दुपारी शाळा सुटल्यावर भिंगरी रांगेत विटा उभ्या करायला आली. मी माझ्या रांगेत होते. शीळ ऐकू आली. तिला शीळ येत नाही, नुसती हवा जाते. मान वर केली तर ही पोर एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, मधोमध पकडून.

"ठेव खाली."

"आजी, बघ ना, मला पण जमतं."

"दोन्ही हातांनी उचलायची. टोकांना धरून."

"पण मोठ्या काकांच्या तशाच आहेत. सगळ्यांना आवडल्या."

मी उठले. तिच्या हातातल्या दोन्ही विटा घेतल्या. इवलासा अंगठा खोल रुतला होता, नखासकट. छान उमटला होता, खोटं कशाला बोलू. मी दोन्ही विटा खड्ड्यात टाकल्या आणि पायानं दाबल्या.

तिचा चेहरा पडला. "त्यांची ठेवलीस. माझी का नाही?"

"तू इथं उभी आहेस ना माझ्यासमोर," मी म्हटलं. "तुझा अंगठा मला विटेत नको. ये, चिखल तुडव."

ती खड्ड्यात उतरली.